दोनदा ओढणाऱ्या मावशी

गांगुर्डे मावशी कुणाकडेही गेल्या की चहा येण्याआधी त्या घरातली एखादी वायर ओढून बघायच्या. रेडिओची, टेबलफॅनची, हाताला लागेल ती. आधी बटण बंद करायचं, मग ओढायचं, आणि तेही दोनदा. वायर हातात आली की घरातली माणसं ओशाळायची. मावशी शांतपणे म्हणायच्या, "बरं झालं माझ्या हातात आली. पोराच्या हातात आली असती तर?"

दोनदा का, असं मी एकदा विचारलं. "पयल्यांदा जोड लाजंनं टिकतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा खरं बोलतो."

मावशी मूळच्या येवल्याकडच्या, शाळा चौथीपर्यंत. सातपूरच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनलच्या वायरी जोडायच्या. कारखान्यातून दमून आल्यावर माणूस पाठ टेकतो. मावशी टेबलाशी बसून रेडिओ बांधायच्या, अँप्लिफायर बांधायच्या. असली हौस गंगापूर रोडच्या बंगल्यांतच शोभते, असं मानणारे मला पुष्कळ भेटले. त्यांनी ती पत्र्याची खोली बघायला हवी होती. बिस्किटांच्या डब्यांत आकारानुसार लावलेली थिंबलं असायची. वायरीच्या टोकाला बसवून स्क्रूखाली आवळायच्या त्या तांब्याच्या टोप्या. बाजूला वायर सोलायची सुरी, आणि भिंतीवर त्यांनीच बांधलेला, बातम्या सांगणारा रेडिओ.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी कॉलेज सोडून पत्रकं काढत होतो. आमची मागणी साधी होती. बस हायवेवरच थांबायची. तिथून आमच्या वसाहतीपर्यंतचा खडीचा रस्ता पहिल्या पाळीच्या बायका रोज तुडवायच्या. त्या रस्त्यावर खडी क्रशरच्या मालकाचे ट्रक पळायचे, त्यामुळे त्याला तिथे बस नको होती. बसचे साहेब म्हणायचे, बायकांची तर काही तक्रारच नाही. म्हणून आम्ही साहेबांना मैदानात बोलावलं. रविवारी बंद असणारं क्रशर त्या रविवारी मुद्दाम चालू ठेवलेलं. त्या घरघरीत माइकशिवाय शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं. अँप्लिफायर मावशींचा होता, चालणार होता टेम्पोच्या बॅटरीवर. मावशी ओव्हरटाइमला अडकल्या, तेव्हा बॅटरीच्या वायरी मीच जोडल्या.

पहिल्या बाईने तोंड उघडलं आणि आवाज गेला. साहेबांनी दहा मिनिटं क्रशर ऐकलं. "कुणाला काही म्हणायचं दिसत नाही," असं म्हणून ते जीपमध्ये बसले.

संध्याकाळपर्यंत माझी पत्रकं तयार होती. 'भ्याड हल्ला. क्रशरच्या गुंडांनी वायर कापली.' दोनशे प्रती सायक्लोस्टाइल करून मी मावशींच्या दारात उभा. त्यांनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "वायर दाव."

मी दाखवली. त्यांनी टोक उजेडात धरलं. "विलास, कापलेली तार अशी असती का? तारा सगळ्या शाबूत हायेत. थिंबल कुठंय?"

"बॅटरीलाच राहिलं."

"म्हंजी निसटली. थिंबल कुणी दाबलं?"

"मी."

"कशानं?"

"पकडीनं."

"मग गुंड घावला की," मावशी म्हणाल्या.

मी भांडलो. क्रशरवाला काय सज्जन आहे का, दोनशे प्रती छापून झाल्यात, असलं बरंच बोललो. मावशींनी गठ्ठा उचलून बंबाशेजारी ठेवला. "पानी तरी तापंल. आन् साहेबाला खरं लिही. जोड आमचा निसटला, आवाज आमच्या चुकीनं गेला, पुन्हा या."

माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड पत्रक. सहा ओळींचं.

दुसऱ्या दिवशी त्या मला मेन रोडवरच्या दुकानात घेऊन गेल्या. पिशवीत वायरीचे तुकडे आणि थिंबलं. घरच्या कामात त्या कथील वितळवून जोडाला डाग द्यायच्या, पण टेम्पोच्या हादऱ्यात डाग दिलेली तार मोडते, तिथे दाबलेलाच जोड हवा, आणि दाबायचा तर थिंबलं दाबायच्या खास पकडीने, क्रिंपरनेच. पहिला क्रिंपर दाबून बघितला, वायर ओढली, निघाली. दुसऱ्याच्या जबड्यात वायरीच्या जाडीची खाचच नव्हती. तिसऱ्याचा जबडा वाकडा मिटत होता.

"बाई, हत्यार घेताय का सून बघताय?" दुकानदार वैतागला.

"सुनंला दाबून बघत नसत्यात," मावशी म्हणाल्या. "चौथा काढा."

चौथ्याला खटका होता. पुरतं दाबल्याशिवाय जबडा उघडायचाच नाही. मावशींचा चेहरा खुलला. "हे बेस हाय. अर्ध्यात सोडून पळता येत नाय." माझ्याकडे बघून म्हणाल्या हे.

सगळे जोड त्यांनी मलाच दाबायला लावले. तार एवढीच सोलायची, एकही धागा तोडायचा नाही, सालीवर दाबायचं नाही. मी एक दाबला की त्या दोनदा ओढायच्या. तीन निघाले. निघालेलं थिंबल मी परत घालायला गेलो तर हातातून काढून फेकलं. "एकदा फसलेलं पुन्हा दाबायचं नाय. नवं घे."

साहेब पुन्हा मैदानात आले. खिशातून आमचं पत्र काढून म्हणाले, स्वतःची चूक लिहिलेला अर्ज आजवर आमच्या टेबलावर आला नव्हता, म्हणून आलो. क्रशर चालूच होतं. या वेळी पहिल्या मावशीच बोलायला उभ्या राहिल्या. दोन वाक्यं झाली असतील, तोच क्रशरवरचा एक माणूस वायरीत पाय अडकून आडवा झाला. अडकला की अडकवला, मला माहीत नाही. माहीत नाही ते लिहायचं मी तेव्हापासून सोडलंय. वायर ताणली, कर्ण्याचा बांबू कलला, खुद्द बॅटरी वीतभर सरकली. जोड जागचा हलला नाही. मावशींनी पडलेल्या माणसाकडे बघितलं आणि माइकवरूनच विचारलं, "लागलं का रं?" सगळ्या मैदानाने ते ऐकलं. त्यानंतर एकामागून एक बावीस बायका बोलल्या. क्रशर घरघरत राहिलं, पण त्याचं कुणीच ऐकत नव्हतं.

बस मंजूर झाली. पहिल्या फेरीच्या दिवशी वसाहतीत हार, नारळ, गर्दी. आणि सगळ्यांच्या पुढे कोण, तर क्रशरचा मालक. फीत धरून, खिशात भाषण घेऊन, माझ्याच प्रयत्नांनी बस आली म्हणत. मावशी सरळ बसमध्ये चढल्या, त्यांच्यामागून बायका चढल्या, बस भरली. मालकाने घसा साफ केला. तेवढ्यात मावशींचा हात वर टांगलेल्या घंटीच्या दोरीकडे गेला.

त्यांनी ती ओढली. दोनदा.

दोन घंटा म्हणजे निघा. ड्रायव्हरने गिअर टाकला, फीत तुटली, मालक भाषणासकट धुरळ्यात. आतल्या बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या आणि कंडक्टर ओरडत होता, "बाई, दोरी कशाला ओढली?"

आता मावशी येवल्याला असतात. तो क्रिंपर माझ्याकडे आहे. त्या दोन घंटांबद्दल मी त्यांना अनेकदा खोदून विचारलं. दर वेळी एकच उत्तर.

"दोरी पक्की हाय का, ते बघत होते."