अर्थिंग काढलेला स्कोप

"साईं, लाइट लगती है, पंखा घूमता है, और क्या चाहिए?"

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये एका भंगारवाल्याच्या गाळ्यात मी एका लोखंडी पेटीसमोर उकिडवा बसलो होतो. पेटीवरचा दिवा लागला होता, मागचा पंखाही फिरत होता. पण पुढच्या गोल काचेवर काहीच दिसत नव्हतं. मी ब्राइटनेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग बाजूची दोन बटणं अगदी सावकाश फिरवत राहिलो. डाव्या कडेकडून एक हिरवा ठिपका सरकत सरकत मध्ये आला.

"देखो, बिंदी आ गई," भंगारवाला म्हणाला. "मैं क्या बोला?"

पेटी म्हणजे ऑसिलोस्कोप होता. आम्ही नुसतं स्कोप म्हणतो. साधा मीटर व्होल्टेज किती ते सांगतो. स्कोप ते व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतंय याचं चित्र काढून दाखवतो. डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात, तसंच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि नवा स्कोप विकत घेणं माझ्यासारख्याच्या आवाक्यातलं नव्हतं. हा एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लॅबमधून आला होता. विलायती, वीस-पंचवीस वर्षांचा, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. भंगारवाल्याने तो तांब्या-पितळेसारखा वजनावर दिला.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होतो. राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये. कॉलेजपासून रेडिओ उघडायचा नाद. स्वतःचा स्कोप असावा ही फार जुनी इच्छा होती.

पेटी उचलायला काशिनाथ भोईर बरोबर आला होता. आमच्या कंपनीतला वायरमन. बदलापूरच्या पुढच्या गावातला, घरची थोडी भातशेती, वय पस्तीसच्या आसपास. त्याने ती अवजड पेटी खांद्यावर घेतली आणि गर्दीतून वाट काढत रिक्षापर्यंत नेली. शेअर रिक्षावाला पेटी बघून नाही म्हणाला, तेव्हा काशिनाथने त्याला कसं पटवलं ते मला कळलंच नाही.

घरी आल्यावर पहिली गोष्ट दिसली ती मेन वायर. तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा प्लग बसवलेला होता. हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कापून वर टेप गुंडाळली होती. ही वायर यंत्राची लोखंडी बॉडी जमिनीला जोडते. बॉडीत कधी करंट उतरलाच तर तो या वायरीतून निघून जातो, माणसातून जात नाही. मी नवी तीन पदरी केबल घातली, तीन पिनांचा प्लग लावला.

पुढचे दोन रविवार त्यातच गेले. इतकं जुनं यंत्र एकदम पूर्ण व्होल्टेजवर टाकायचं नसतं. आतले कपॅसिटर वाळलेले असतात, फुटू शकतात. म्हणून मी त्याला शंभर वॅटच्या बल्बमधून सप्लाय दिला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब पेटला. दोन कपॅसिटर बदलले. मग बल्ब मंद झाला आणि पडद्यावर ठिपक्याची सरळ, बारीक, हिरवी रेघ झाली. मी माझ्या बायकोला, सुमनला, हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "एवढ्यासाठी दोन रविवार?"

त्याच दिवशी काशिनाथ शेतातली वांगी घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, ही स्कोपची तपासायची वायर, प्रोब आहे ना, हिच्या टोकाला बोट लाव. त्याने जरा बिचकत लावलं. सरळ रेघेची मोठी लाट झाली.

"साहेब, यो मी हाय का?"

"तू नाहीस. घरातल्या वायरिंगची वीज आहे. तुझ्या अंगातून इथे येते. तू नुसता एरियल."

त्याने बोट काढलं, परत लावलं, परत काढलं. मग सुमनलाही लावायला लावलं. तिची लाट त्याच्यापेक्षा लहान आली, याचा त्याला फार आनंद झाला.

साधारण तीन महिन्यांनी आमच्या प्लांटमधल्या एका रिॲक्टरचा ड्राइव्ह त्रास द्यायला लागला. रिॲक्टर म्हणजे मोठं बंद भांडं. आत रसायन सतत ढवळावं लागतं. ढवळणाऱ्या मोटरचा वेग कमीजास्त करणारं जे पॅनेल, तो ड्राइव्ह. त्यात थायरिस्टर नावाचे सहा इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. प्रत्येकाला ठरलेल्या क्षणी एक छोटा धक्का मिळावा लागतो. एक जरी चुकला तरी फ्यूज उडतो. आमचे दिवसातून तीन-तीनदा उडत होते.

मेंटेनन्स मॅनेजर देसाई साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दामले, कंपनीचा स्कोप रिपेअरला गेलाय तो अजून आलेला नाही. तुमच्याकडे घरी आहे म्हणे?"

"आहे सर. पण जुना आहे. हॉबीसाठी घेतलाय."

"चालतो ना?"

"चालतो."

"मग उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथनेच तो खांद्यावरून प्लांटमध्ये आणला. आधी आम्ही मोटरचा सप्लाय बंद ठेवून नुसत्या कंट्रोलवर धक्के तपासले. सहाही व्यवस्थित. म्हणजे बिघाड चालू मोटरवर, लोड आल्यावरच दिसणार होता.

इथे अडचण होती. स्कोपच्या प्रोबला एक काळी क्लिप असते. ती आतून स्कोपच्या बॉडीला जोडलेली असते आणि बॉडी अर्थला. चालू ड्राइव्हमध्ये ती क्लिप जिथे लावायची तिथे मेनची वीज असते. लावली की सरळ शॉर्ट, मोठा धमाका. हे टाळायला वेगळं उपकरण लागतं. ते ठाण्याच्या एका ओळखीच्याकडून मागवता आलं असतं.

"किती दिवस?" देसाईंनी केबिनमध्ये विचारलं.

"दोन."

"दोन दिवस रिॲक्टर बंद? वरून मला दर तासाला फोन येतोय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अर्थिंग काढून लावतात ना लोक?"

लावतात. मला माहीत होतं. अर्थिंग काढलं की शॉर्ट होत नाही. फक्त स्कोपची सगळी बॉडी, बटणांचे स्क्रू, वरचं लोखंडी हँडल, सगळं मेनच्या विजेवर जातं. कुणी हात लावला नाही तर काही होत नाही.

मी नाही म्हणू शकलो असतो. देसाई चिडले असते, यापलीकडे काही झालं नसतं. हे मी आज सांगतोय. त्या वेळी खरं तर मलाही माझा स्कोप ते काम करतो का हे बघायचं होतं. मी प्लग उघडला आणि घरी स्वतः जोडलेली हिरवी वायर स्वतःच सोडवली.

लाकडी स्टूल आणलं, खाली रबरी मॅट टाकली. बटणं आधीच लावून ठेवली. मी सगळ्यांना सांगितलं, "सप्लाय चालू असेपर्यंत स्कोपला कुणी हात लावायचा नाही." काशिनाथ माझ्या बाजूला वही घेऊन रीडिंग लिहायला उभा राहिला. मेन स्विच शेजारच्या खोलीत होता, तिथे दुसरा वायरमन.

मोटर चालू केली. पाचेक मिनिटं धक्के ठीक दिसत होते. मग पॅनेल तापलं आणि चौथा धक्का लुकलुकायला लागला. एकदा दिसे, एकदा गायब. तो धक्का देणारं सर्किट कार्डच खराब होतं. आठवडाभर सगळा प्लांट ज्याच्या मागे होता ते माझ्या भंगारातल्या स्कोपवर स्वच्छ दिसत होतं.

मी मोठ्याने म्हणालो, "झालं!"

आणि देसाईंना फोन करायला दाराकडे वळलो.

मला म्हणायचं होतं, सापडलं. काशिनाथने ऐकलं, काम संपलं. पुढचं मी पाठमोरा असताना घडलं. त्याने वही ठेवली असावी. स्टूल अरुंद होतं आणि मोटरच्या कंपनाने स्कोप कडेला सरकला होता. तो त्यानेच आणला होता, नेणारही तोच होता. त्याने एका हाताने पॅनेलचं अर्थला जोडलेलं लोखंडी दार धरलं आणि दुसऱ्याने स्कोपचं हँडल.

ओरडण्याचा आवाज आला नाही. वही पडल्याचा आला. मी वळलो तेव्हा तो उभाच होता, दोन्ही हात आवळलेले. मी शेजारच्या खोलीकडे बघून मेन काढा, मेन काढा म्हणून ओरडलो. स्विच पडल्यावर तो खाली कोसळला. मी छाती दाबत राहिलो, तोंडातून श्वास देत राहिलो. जीपमध्येही चालू ठेवलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी माझा हात धरून बाजूला केला आणि म्हणाले, "पुरे आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी देसाईंनी टाइप केलेला कागद माझ्यासमोर ठेवला. माझा जबाब. त्यात एक वाक्य होतं, 'स्पष्ट सूचना असतानाही मयताने निष्काळजीपणे उपकरणास स्पर्श केला.' अर्थिंगचा उल्लेख नव्हता.

"सर, अर्थिंग मी काढलं होतं."

"दामले, वाक्य खोटं आहे का? तुम्ही सूचना दिली होती की नाही?"

"दिली होती."

"मग? तुम्हाला मुलगी आहे. जास्त लिहिलंत तर केस तुमच्यावर होईल. तो आता परत येणार आहे का?"

मी सही केली. यासाठी माझ्याकडे कारण नाही. भीती होती, एवढंच.

दहाव्याच्या दिवशी मी त्याच्या गावी गेलो. ओटीवर पाच-सहा माणसं बसली होती. त्याचा धाकटा भाऊ बाळाराम मला बघून उठला, पाणी दिलं. काशिनाथची बायको आत होती, बाहेर आली नाही. मी निघालो तेव्हा बाळाराम रस्त्यापर्यंत सोडायला आला.

"साहेब, एक विचारू? दादाचं चुकलं का?"

मी चालायचा थांबलो.

"कंपनीचा मानूस आलता. बोलला, हात लावू नको सांगितलं व्हतं तरी लावला. दादा तसा नव्हता. घरातला बल्ब बदलायचा तरी आधी मेन काढायचा. वयनीला कामाला घेनार बोलले व्हते. आता बोलतात, चूक त्याची व्हती, बघू."

"चूक त्याची नव्हती," मी म्हणालो.

"मंग कोनाची?"

"माझी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "ह्ये तुमी आत जाऊन वयनीला सांगा."

मी परत गेलो. दारात उभं राहून तिला सांगितलं. अर्थिंग म्हणजे काय, ते कुणी काढलं, मी कोणता शब्द बोललो आणि त्याने काय ऐकलं. ती भिंतीला टेकून बसली होती. मान वर केली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजे त्यांनी ऐकलं नाय असं नाय?"

"नाही. त्याने ऐकलं. मीच चुकीचं बोललो."

दुसऱ्या दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाऊन मी दुसरा जबाब दिला, स्वतःच्या हाताने लिहून. इन्स्पेक्टरने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "पहिल्यावर सही तुमचीच ना?" हो म्हटलं. "मग हेही लिहा, की ती का केली." तेही लिहिलं.

कंपनीने मला सस्पेंड केलं. कारण दिलं ते मात्र खाजगी उपकरण विनापरवाना आत आणल्याचं. पुढे मी राजीनामा दिला. केस चार-पाच वर्षं चालली, मला दंड झाला. देसाईंनी कोर्टात सांगितलं की अर्थिंगबद्दल आपल्याला काही माहीत नव्हतं. त्यांनी ते सुचवलं तेव्हा केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. अंतिम रिपोर्टमधून मयताचा निष्काळजीपणा हे शब्द निघाले. काशिनाथच्या बायकोला पॅकिंगमध्ये घेतलं, पण टेम्पररी. किती वर्षं टेम्पररी ठेवलं ते मला ठाऊक नाही. बाळाराम एकदा अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनबाहेर दिसला. ओळख दाखवली, बोलला नाही. स्कोप पोलिसांनी जप्त केला होता. तो सोडवायला मी गेलो नाही.

वर्षभराने मला दुसऱ्या एका कारखान्यात नोकरी मिळाली, दोन पायऱ्या खालची. तिथे पहिल्याच महिन्यात असाच एक ड्राइव्ह बिघडला. मॅनेजर म्हणाले, स्कोपचं अर्थिंग काढा आणि बघा. मी नाही म्हणालो. का, तेही सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने काढलं. मी मेन स्विचच्या दांड्यावर हात ठेवून तेवढा वेळ उभा राहिलो. पंधरा मिनिटांत बिघाड सापडला, सगळे चहाला गेले. कुणाला काही झालं नाही.

बहुतेक वेळा काहीच होत नाही. म्हणूनच माणसं ते परत करतात.