फळ्यावरचं माझं नाव

काल इथे आखातात, अल मलाझ भागातल्या स्टेशनरीच्या दुकानात दुकानदाराने टोपण काढून नवा मार्कर माझ्या हातात दिला, आणि त्या उग्र वासासरशी मी पुन्हा नववीच्या मुलींपुढे जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी इथल्याच इंडियन स्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. त्या दिवशी अमेरिकेच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षाचे विचार शिकवत होते. खिडकीतला एसी घरघरत होता. "त्याचं म्हणणं होतं, कायदा राज्य करणाऱ्यालाही लागू असतो," मी रंगात येऊन सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात आल्या. पोरींना गप्प बसायला सांगून मी व्हरांड्यात गेले आणि सुट्टीत गावी जायच्या गप्पांत पार रमले.

परत आले तर वर्ग चिडीचूप. मी बाहेर गेले की मॉनिटर आयेशा बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. पुन्हा बोललं की नावापुढे फुली. आज फळ्यावर एकच नाव होतं. माझं! पुढे तीन फुल्या.

रत्नागिरीची ती पोर मार्कर घट्ट धरून उभी होती, कानापर्यंत लाल. "मिस, तुम्हीच सांगितलंत ना? पुसू काय?"

मला असं हसू फुटलं की सगळ्याच खिदळल्या. "खबरदार पुसशील तर!"

ही सगळी हकिकत मी काल दुकानदाराला हिंदीत ऐकवली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. मार्कर चालतो का बघायला त्याने कागद पुढे केला, तेव्हा मी त्यावर माझं नाव लिहिलं आणि पुढे चौथी फुली मारली.