किती इंच वाढवायचं?

मागच्या मंगळवारी पुण्याजवळ मांजरी गावातल्या एका सोसायटीत माझा स्टॉल होता. दिवसभर उभं राहायचं, हसायचं, आणि ‘हे खरंच हाताने केलंय का?’ याला दर दहा मिनिटांनी हो म्हणायचं... असा साधारण कार्यक्रम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मी नारायण पेठेत घरातूनच मंगळसूत्रं गाठवून देते. म्हणजे मणी दोऱ्यात ओवायचे, गाठी मारायच्या, दागिना उभा करायचा. त्याआधी बारा वर्षं आयटीत टेस्टिंग केलं, थोडक्यात दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला.

त्यामुळे मला टूल्सचा सोस फार. फोटोमागचा घरातला पसारा पुसणारं ॲप, ऑर्डरचा ऑनलाइन फॉर्म, फॉर्म आला की आपोआप भरणारी शीट... हे सगळं खरंच उपयोगी पडतं, उगाच नावं ठेवणार नाही.

यंदा व्हॉट्सॲपवर आपोआप जाणारी उत्तरंही लावली. ‘किंमत’ म्हटलं की रेटकार्ड, ‘पत्ता’ म्हटलं की मॅप, आणि ‘वाढव’ दिसलं की लांबीचे पर्याय, कारण निम्म्या बायकांना मंगळसूत्र दोन-चार इंच वाढवूनच हवं असतं. वर प्रोफाइलवर सूचना, ‘कृपया फोन करू नये. मेसेज करावा.’ शेवटी पेठेत राहते मी.

तर मंगळवारी चारच्या सुमाराला स्टॉलवर जरा शांत झालं, म्हणून शीट उघडली. एक नवी ओळ होती... सुमनकाकू, विश्रांतवाडी. काम: लांबी वाढवणे. इंच: रिकामं. शेरा: आज संध्याकाळच्या आत.

सुमनकाकू माझ्या जुन्या गिऱ्हाईक. मूळच्या अमरावतीकडच्या, काकांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे पुण्यात आल्या आणि इथेच राहिल्या. लांबी वाढवायची एवढी घाई कसली ते कळेना. असेल कुठलं तरी लग्न, असं म्हणून मीच फोन लावला.

‘काकू, किती इंच वाढवायचं?’

पलीकडून अगदी हळू आवाजात, ‘ताई, तुम्ही पण तेच विचारता का जी... वाढवलं आहे हो.’

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मंगळसूत्र ‘तुटलं’ असं कोणी म्हणत नाही. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणायचं, नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. माझी आई जन्मभर असंच बोलली, मीही बोलते. आणि मंगळसूत्रांवर पोट भरणाऱ्या बाईने मशीनला त्या शब्दाचा एकच अर्थ शिकवला होता.

चॅट उघडलं. सकाळी साडेदहाला काकूंनी लिहिलं होतं, ‘ताई मंगळसूत्र वाढवलं आहे. आज होईल का?’ उत्तर गेलं, ‘नवी लांबी निवडा: १८, २४, ३०.’ त्यांनी लिहिलं, ‘नाही ताई, वाढवलं आहे.’ पुन्हा १८, २४, ३०... आणि सोबत एक हसरा चेहरा, तो मीच हौसेने टाकला होता.

शेवटचा मेसेज असा होता. ‘जेवढं होतं तेवढंच पाहिजे. ह्यांचं उद्या ऑपरेशन आहे. इथले सोनार चार दिवस म्हणतात.’ त्यावर फॉर्मची लिंक गेली. फॉर्ममध्ये ‘दुरुस्ती’ हा पर्यायच मी ठेवला नव्हता, म्हणून बिचारीने ‘वाढवणे’ शब्द दिसला तिथे टिक केली. वाचताना मला मनापासून लाज वाटली.

स्टॉल शेजारच्या लोणच्यांच्या बाईंवर सोपवला आणि स्कूटर काढली. दोरा, सुया, थोडे मणी माझ्या पर्समध्ये कायम असतात.

काकू स्टीलच्या वाटीत काळे मणी घेऊन बसल्या होत्या, गळ्याभोवती पदर घट्ट ओढून. शेजारी काका, बॅग भरून तयार. आठ वाजता ॲडमिट व्हायचं होतं.

‘सकाळपासून पलंगाखाली मणी शोधतेय ही,’ काका म्हणाले. ‘हार्ट माझं, काळजी मण्यांची.’

काकू हसल्या नाहीत. ‘गळ्यात असल्याशिवाय यांना घराबाहेर पडू देणार नाही मी,’ एवढंच म्हणाल्या.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी त्या पाऊण तासात मी एकेक गाठ दोनदा ओढून पाहिली... का ते विचारू नका. दोन मणी सापडतच नव्हते, ते माझ्यातले घातले आणि तसं सांगितलंही.

‘असू द्या तुमचे दोन त्यात,’ काकू म्हणाल्या.

मागचा हूक काकांनी लावला. चष्मा बॅगेत गेलेला, त्यामुळे तीनदा चुकले. काकू नुसत्या मान वाकवून उभ्या राहिल्या. मी पर्समधला दोरा उगाचच गुंडाळत बसले.

पुढच्या सोमवारी फोन आला. ‘ताई, हे आज वरणभात जेवले.’ एवढंच सांगायला केला होता. मला खूप बरं वाटलं.

टूल्स बंद केलेली नाहीत. फॉर्ममध्ये ‘दुरुस्ती’ हा पर्याय वाढवलाय, या वेळी सरळ अर्थाने. पण ‘वाढव’वरचं उत्तर मात्र काढून टाकलं. आता तो शब्द आला की आपोआप काहीच जात नाही... हातातलं काम बाजूला ठेवून मी स्वतः विचारते, काय झालं?