अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक

कामशेतला सलून चालवणारे भाऊ गिऱ्हाईक नसलं तरी हवेत कात्री वाजवत बसतात. मी त्यांच्या हाताखाली कामाला, परभणीकडचा, शाळा आठवीत सुटलेली. भाऊ रोज पेपर मोठ्यानं वाचायला लावतात, म्हणून माझं वाचन टिकलं.

निवडणुकीच्या निकालाची बातमी मीच वाचली, कुणालाच बहुमत नाही. सरकार किती दिवस चालेल यावरून दुकानात बसलेले दोघं जुने दोस्त भांडले. एक अर्ध्या दाढीनंच निघून गेला, तो परत आलाच नाही. भाऊंनी पेपर घेणंच बंद केलं.

"आता मी काय वाचू, भाऊ?"

त्यांनी वस्तरा पुसायच्या रद्दीतून मतदानाआधीचा पेपर काढला.

"ह्यो वाच. भांडायला हितं न्हाई कोन."

मी वाचलं, "स्थिर सरकार येणार."

भाऊंनी रिकाम्या खुर्चीकडं बघत कात्री खाली ठेवली.