पिक्चर सुटतो कधी?

शाळेच्या पायरीवर बसणाऱ्या बायकांना किस्से गोळा करावे लागत नाहीत. मेथी निवडताना देठं कशी आपोआप मांडीपाशी साचतात, तसे ते साचतात. उठताना पदर झटकला तरी दोन-चार चिकटून घरी येतातच. त्यातलाच हा एक.

मंदारची बालवाडी गोरेगावात, बारा ते तीन. आमचं घर आरे कॉलनीत, डेअरीच्या क्वार्टर्समध्ये. त्याला सोडून घरी जायचं म्हणजे बसची वाट बघा, झाडीतून हिंदकळत जा, आणि पंखा लावून टेकताय तोच परत निघा! त्यापेक्षा पायरी बरी. तिथे माझ्यासारख्याच आणखी तिघी असत. मनगटावर नवऱ्याचं भलंमोठं घड्याळ बांधणारी उषा दामले, कॉलेजातून थेट बोहल्यावर चढल्यासारखी दिसणारी ज्योती, आणि मूळ मालवणच्या पेडणेकरवहिनी. चौघींची पोरं एकाच वर्गात.

त्या वर्षी उडणाऱ्या हिरोचा पिक्चर येणार होता. शाळेपासून दोन गल्ल्या सोडून टॉकीज, त्यावर हे एवढं पोस्टर! निळा झगा, तोंडावर मुखवटा, पायाखाली अख्खी मुंबई. पोरं वेडी झाली होती. माझा मंदार साडेचार वर्षांचा, दसऱ्याला रावण जळताना बघून दोन दिवस तापाने फणफणलेला. त्यामुळे त्याला न्यायचं की नाही, हे मी आधी स्वतः बघून ठरवणार होते. बाकीच्या तिघींचंही अगदी हेच म्हणणं. केवळ मुलांसाठी हं!

आता बघायचा कधी? शाळा बारा ते तीन. पहिला शो बाराचा. देवानेच जुळवून आणल्यासारखं! फक्त एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती : पिक्चर किती तासांचा?

दहा मिनिटं जरी लांबला तरी पोरं गेटावर एकटी. आणि शिक्षिका साठेबाई अशा, की आई दिसली नाही तर थेट घरी निरोप धाडतील. माझ्या घरी म्हणजे सासऱ्यांकडे. आप्पा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाले तरी चहा मिनिटावर लागायचा. आणि सिनेमाबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं, "तीन तास अंधारात बसायला माणसाने गुन्हा काय केलाय?"

म्हणजे माझी तर वाटच लागली असती.

*

पहिला शोध उषाने लावला. पेपरातली पिक्चरची जाहिरातच कापून आणली.

"हे बघा. आपल्याकडचे शो बारा, तीन, सहा, नऊ. म्हणजे न्यूजरील, जाहिराती, इंटरव्हल, झाडलोट धरून तीन तास. पिक्चर फार तर अडीच तासांचा. सिद्ध!"

आम्ही टाळ्या वाजवायचंच बाकी होतं. तेवढ्यात मला, नको ते दिसण्याची सवय असल्याने, त्याच जाहिरातीत दादरच्या टॉकीजची वेळ दिसली. साडेअकरा, तीन, साडेसहा, दहा.

"उषा, हा तिकडे साडेतीन तासांचा कसा गं?"

उषाने घड्याळाकडे बघितलं, जणू चूक त्याची होती. "एकच पिक्चर दादरला लांब आणि गोरेगावला आखूड? असं कसं होईल?"

"कापतत ते!" पेडणेकरवहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "शो बसाक होयो म्हणान रिळा कापतत. माका विचार. मी एक पिक्चर बघलंय, त्यात लगीन लागला आणि पुढच्या मिनटाक बाई कडेर झील घेवन उभी! मधले नव म्हयने कापून टाकल्यानी मेल्यांनी!"

*

ज्योतीचा सोर्स आतला होता. तिच्या दिराचा मित्र म्हणे फिल्म धुतात त्या लॅबमध्ये कामाला.

सोमवारी बातमी आली : दोन तास, कारण हिरो आणि हिरॉइनचं भांडण झालं, गाणीच नाहीत! बुधवारी : तीन तास, भांडण मिटलं! शुक्रवारी ज्योती धापा टाकत आली. "चार तास! दोन इंटरव्हल! पक्की खबर यार, एकदम पक्की!"

चार तास ऐकून मी कान टवकारले. कारण हीच शंका मला दोन आठवड्यांपूर्वी आली होती. मी तसं बोललेही होते. माझी शंका खरी निघण्याचा तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग, त्यामुळे मी घाबरले तर होतेच, पण जरा खूशही होते.

सोमवारी ज्योतीचा दीरच स्कूटरवरून तिचा डबा द्यायला आला. मी धीर करून विचारलं, "अहो, तुमचा तो लॅबमधला मित्र नक्की सांगतो का हो, चार तासांचं?"

तो गोंधळला. "माझा मित्र? त्याला मीच सांगितलं. मला ज्योतीवहिनीने सांगितलं, आणि तिला म्हणे आरे कॉलनीतल्या कोणी बाई सांगत होत्या. तिकडे फिल्मसिटी आहे ना जवळ, त्यांना आतलं कळतं!"

पायरीवर आरे कॉलनीतली बाई एकच होती.

*

शेवटी मी म्हटलं, सरळ टॉकीजला जाऊन विचारते. यात लाजायचं काय?

लाजायचं पुष्कळ होतं, म्हणून मी जरा बरी हँडलूमची साडी नेसले, हातात वही आणि पेन घेतलं. नुसतं विचारलं तर कोणी दाद देणार नाही, लिहून घेतलं की माणसं नीट सांगतात, असं माझं मत. बुकिंगच्या खिडकीत विचारलं, "नव्या पिक्चरचा बाराचा शो नक्की किती वाजता सुटेल? खरी वेळ सांगा. मिनिटासकट हवीय."

खिडकीतला माणूस आत गेला. आतून मॅनेजर आले, शर्टाचं वरचं बटण लावत. मला ऑफिसात नेलं, खुर्ची दिली, थंडा मागवला.

"मॅडम, आपण कुठल्या खात्यातून?"

"मी... शाळेतून."

"हो हो, बरोबर," ते डोळे मिचकावून म्हणाले. "नाही सांगितलं तरी चालेल. आमचं सगळं क्लीन आहे मॅडम. पंखे बघा, फायरच्या बादल्या बघा."

मी बादल्या बघितल्या. नाही बघितल्या तर त्यांना संशय येईल असं वाटलं. मग पुन्हा विचारलं, "पण पिक्चर किती वेळाचा?"

मॅनेजरनी दोन्ही हात जोडले.

"मॅडम, तुम्ही म्हणाल तेवढ्या वेळाचा!"

मी येऊन पायरीवर हे सांगितलं, तेव्हा पेडणेकरवहिनी कोणाकडेही न बघता एवढंच म्हणाल्या, "बघलास? कापतत ते!"

*

शुक्रवारी पिक्चर लागला. पहिल्या दिवसांची गर्दी टाळून आम्ही पुढचा मंगळवार ठरवला होता. त्या शुक्रवारी मी तशीही पायरीवर नव्हते. मुलुंडला माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मंदारला शाळेत नेणं-आणणं आप्पांनी अंगावर घेतलं होतं.

सोमवारी साठेबाई गेटाशी थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काय हो, शुक्रवारी मंदारचं पोट दुखत होतं ना? आता बरंय?"

"कोणत्या मंदारचं?" मी विचारलं. वर्गात दोन मंदार होते.

"तुमच्या."

मी "हो, बरंय" म्हटलं. नाही म्हटलं असतं तर मुलाच्या पोटात दुखलेलं आईला माहीत नाही, असं झालं असतं. पण मनात किडा वळवळायला लागला. घरी मंदारला विचारलं, तर तो म्हणाला, "कधी?" आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाराच्या आत पोचवला, तीनला घेऊन निघालो. सगळं वेळेवर."

मालगाडीच्या गार्डाला गाडी वेळेवर होती का, हे दोनदा विचारायची माझी छाती नव्हती.

मंगळवारी मी पायरीवर माझा निष्कर्ष मांडला. "साठेबाईंना वास लागलाय. मुद्दाम खोटं विचारून बघतायत, मी घाबरते का ते."

"आणि तू घाबरलीस?" उषाने विचारलं.

"मी कधी घाबरत नाही गं? पण आज जरा कारणाने घाबरलेय."

"मग नको जाऊया?" ज्योती म्हणाली.

पेडणेकरवहिनी उठल्या आणि पदर खोचला. "चला गो. बाराक पाच कमी आसत."

*

ठरलं एवढंच होतं की दोन चाळीसला उठायचं. पडद्यावर काही का चाललेलं असेना! उषाच्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे चमकायचे, म्हणून तिला कडेची खुर्ची दिली.

आधी न्यूजरील लागलं. उसाचं पीक. ऊस उगवला, वाढला, कापला, बैलगाडीत चढला, कारखान्यात गेला.

"ह्येका कापीत नायत," वहिनी कुजबुजल्या. "ह्येका कापूक होयो."

पिक्चर मात्र झकास होता, खरंच सांगते. हिरो उडायचा तेव्हा मी खुर्चीचा हात धरून बसले होते. एक गरीब पोस्टमन होता, सगळ्या वस्तीचा लाडका. इंटरव्हलच्या आधी गुंड त्याला खाडीत ढकलतात, तेव्हा ज्योती चक्क रडली. मी मात्र दर पाच मिनिटांनी "किती?" विचारत होते. मंदार हे बघून घाबरेल का, याचा विचार करायला आले होते. पण सगळा वेळ गेटावर उभा राहिलेला मंदारच डोळ्यांपुढे.

शेवटी पाण्याच्या टाकीवर मारामारी. खाली गर्दी. व्हिलनने हिरोच्या मुखवट्याला हात घातला. "बघू तरी कोण आहेस तू!" मुखवट्याची कड सुटली, हनुवटी दिसली...

"दोन चाळीस! उठा!" उषा म्हणाली.

"थांब ना गं, एक मिनिट!" ज्योती.

"ठरलंय ना? उठ!"

आम्ही चौघी लोकांच्या पायांवरून, शिव्या खात बाहेर पडलो आणि चपला हातात घ्यायच्याच बाकी, अशा धावत सुटलो. पायरीवर येऊन बसलो तेव्हा दोन पंचेचाळीस. गेट बंद. आतून पाढ्यांचा आवाज. पंधरा मिनिटं! आम्ही एकमेकींकडे बघेचना.

तीनला गेट उघडलं. साठेबाईंनी आमच्या घामेजलेल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, आणि ती वहिनींच्या पिशवीवर थांबली.

"आज मेथी तशीच?"

*

मंदारला घेऊन घरी आले. आप्पा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी दूध तापत ठेवलं. डोक्यात ती हनुवटी. कोण असेल? वकील? इन्स्पेक्टरचा भाऊ? विचारायचं तरी कोणाला? आणि आप्पांना काही कळलं तर?

चारला पोस्टमन आला. आमचा नेहमीचाच, सायकलवाला. मंदार धावत दाराशी गेला. पत्र घेतलं, त्याची खाकी बाही ओढून त्याला खाली वाकवलं, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या कानात म्हणाला, "मी कोणालाच सांगणार नाही हं!"

पोस्टमन हसला आणि गेला.

"काय रे सांगणार नाहीस?" मी स्वयंपाकघरातून विचारलं.

"ते उडतात ते."

"कोण उडतात?"

"पोस्टमनकाका. मुखवट्याच्या आत तेच असतात."

माझं अर्धं लक्ष दुधावर. "काहीतरीच काय! तो कसला उडतोय? तो तर इंटरव्हलच्या आधीच खाडीत पडून मेला!"

म्हटलं, आणि दूध उतू गेलं.

मी घाईने गॅस बंद केला. आरामखुर्चीतला पेपर जरासुद्धा खाली आला नाही. त्याच्या मागून आवाज आला,

"मेलेला नसतो तो. शेवटच्या रिळात कळतं. दोन एक्कावन्नला सुटतो, शाळेच्या गेटात दोन छप्पन्न. बसायचं होतंस!"