कंडम भाकरी

नात इंग्रजीचा धडा घोकताना 'कंडेम म्हणजे तीव्र निषेध करणे' म्हणाली आणि मला करपलेल्या भाकरीचा वास आला. लग्न होऊन मी मेढ्याहून साताऱ्यात आले, त्याच आठवड्यात फौजेतून परतलेल्या सासऱ्यांनी ताट मागं सारलं. "कंडम हाय ही." त्यांना अर्थ विचारायची भीड, म्हणून शेजारच्या काकूंना विचारला. "फौजेत फाटकी बुटं, मोडक्या गाड्या कंडम करून टाकून देत्यात." म्हणजे आता मलाही माहेरी धाडणार, असं वाटून दुपारभर आत-बाहेर केलं आणि शेवटी पिशवी भरून दाराशी बसले. सासऱ्यांनी पिशवीकडं बघितलं. "भाकरीला म्हणलो पोरी, तुला न्हाई. ऊठ, च्या टाक." सकाळचीच ती भाकरी त्यांनी चहात कुस्करून खाल्ली. तरी अजून कुणी ताट सारलं की माझी नजर पिशवी शोधते.