बुरूड राजाचा कोट

सूर्यमाळच्या लहान्याला एका जागी बसणं कधी जमलं नाही. बसायचा तो फक्त बांबूच्या कामट्या सोलायला. नाचणीची शेती होतीच, पण हात शिवशिवायचे ते सूप, टोपली, कणगी विणायला, आणि जव्हारच्या बाजारात लोक त्याचा माल डोळे मिटून घ्यायचे. नेमकं हेच नडलं. पोशेऱ्याचा तुका आपल्या मुलासाठी लहान्याच्या लेकीला, चैतीला पाहायला आला, पोटभर जेवला आणि उठताना म्हणाला, "पोर चांगली हाय. पन लोक तुला बुरूड म्हनतात. बुरडाची पोर मला नको."

लहान्या काही बुरूड जातीचा नव्हता. टोपल्या विणतो म्हणून पाड्याने थट्टेत चिकटवलेलं नाव ते. पण त्या दिवसापासून त्याचा पाय घरात ठरेना. शेतावर जायचा तो अर्ध्या वाटेवरून परत यायचा, आणि आल्यावर कशाला आलो ते आठवायचं नाही.

अशात बाजारात कापडवाला कांतीलाल हसत बोलून गेला की खाली समुद्राकडे सोपाऱ्याला एक जुनी टेकडी आहे, तिला बुरूड राजाचा कोट म्हणतात. फार जुनं नगर ते, दर्यापारची गलबतं लागायची तिथे. झालं! लहान्याने मनाशी ठरवूनच टाकलं की राजा बुरूड, आणि सोपारा म्हणजे तरी काय, सुपांचंच गाव. त्याने तुकाला निरोप धाडला: बुरूड राजे होते, डोळ्यांनी बघून येतो, मग बोल. राजापुढे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पाच टोपल्या विणल्या, एकीत एक बसणाऱ्या, शेवटची सुपारीएवढी. राजा मरून किती काळ लोटला असेल, हे त्याला सुचलंच नाही. बायको सुकरीने कपाळाला हात लावला.

जव्हारचा घाट उतरून, मनोरवरून, तो तीन दिवस चालला. सोपाऱ्याला केळीच्या बागा ओलांडल्या आणि समोर काय, तर विटांचा ढीग, वर गवत, मधोमध खड्डा. ना दरवाजा, ना बुरूज. त्याने ढिगाला तीन फेऱ्या मारल्या, जणू राजा मागच्या बाजूला बसला असेल.

गवत कापणारी रंगू नावाची म्हातारी त्याच्याकडे बघत होती. तिने सांगितलं ते असं: तरुणपणी, हा ढीग खोदला तेव्हा, तिनेच इथली माती डोक्यावरून वाहिली होती. कुणी बुरूड राजा निघाला नाही. जाणत्यांनी सांगितलं, हा बुद्धाचा स्तूप. खोल गेल्यावर दगडाची पेटी लागली. तिच्यात तांब्याचा डबा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा, आणि भोवती सोन्याची फुलं.

"सोन्याच्या डब्यात काय व्हतं?" लहान्याने विचारलं.

"खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षेच्या भांड्याच्या, असं म्हनले. पेटी नेली मुंबईला."

लहान्या विटांवर बसला. गेली सोयरीक! तुकाला आता काय सांगायचं, भिकाऱ्याचं मडकं? खोटं सांगावं, असंही मनात येऊन गेलं. सोपाऱ्याला बघायला कोण येतंय? तो उठला, परत बसला. मग हातातल्या टोपल्यांकडे नजर गेली. एक काढली, दुसरी काढली, पुन्हा आत बसवल्या. एक कामटी जाड झाली तरी आतली अडकते. ते डबे घडवणाऱ्यालाही आधी आतला मनात धरावा लागला असणार, मगच बाहेरचा. राजा हे करत बसत नाही. पाचही टोपल्या त्याने खड्ड्याच्या तळाशी ठेवल्या आणि घरची वाट धरली.

अंगणात तुका वाट बघत बसला होता. राजा खराच निघाला तर सोयरीक हातची जायला नको, असा त्याचा हिशोब.

"राजा नव्हता," लहान्या म्हणाला. "भीक मागनाऱ्या देवाचं भांडं व्हतं. पन डब्यात डबा बसवनारा माझ्यावानीच कुनी व्हता. मी बुरूड. चैतीलाबी शिकवतोय."

तुका उठला. जाताना पेंढ्याच्या वळईशेजारची नवी कणगी त्याच्या नजरेत भरली, केवढ्याला देतोस म्हणाला.

"बुरडाची हाय," लहान्या म्हणाला. "तुझ्या घरात चालायची नाय."

दाराआड चैती हसली आणि लहान्या कामट्या सोलायला बसला.